उपनगराचा ‘कोहिनूर’ आणि श्रोत्यांची अट

मुंबईच्या अंधेरी पूर्व भागातील जे. बी. नगरात वाढलेला विव्हियन फर्नांडिस ऊर्फ ‘डिव्हाइन’ या रॅपरचा ‘कोहिनूर’ हा पहिला अल्बम २०१९ च्या ऑक्टोबर महिन्यात प्रसिद्ध झाला. तोपर्यंत हा कलावंत नवखा राहिला नव्हता. ‘ये मेरा बॉम्बे’ हे त्याचे गाणे २०१३ मध्ये आणि कुर्ल्याच्या नेझीसोबतचे ‘मेरे गली में’ २०१५ मध्ये आले होते. या दोघांच्या आयुष्यावरून स्फुरलेला झोया अख्तर यांचा ‘गली बॉय’ हा चित्रपट १४ फेब्रुवारी २०१९ रोजी देशभर प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून त्याची निवडही झाली. गायक प्रसिद्ध झाला, त्याची कहाणी त्याहून अधिक प्रसिद्ध झाली आणि पहिला अल्बम सर्वांत शेवटी आला. या उलट्या क्रमाचा अल्बमच्या स्वागतावर जो परिणाम झाला, तो आज पुन्हा तपासून पाहण्यासारखा आहे. मराठीत रॅप करणाऱ्या तरुणांची संख्या वाढत असताना त्यांची पहिली गाणी आणि पहिले अल्बम कोणत्या कानांनी ऐकले जातील, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर तेथे सापडते.

प्रथम उपनगर म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. बृहन्मुंबईचे विभाजन होऊन मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा १९९० च्या ऑक्टोबरमध्ये अस्तित्वात आला. योगायोग असा, की डिव्हाइनचा जन्मही त्याच महिन्यातला. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३० लाख ८५ हजार, तर उपनगर जिल्ह्याची ९३ लाख ५६ हजार होती. म्हणजे मुंबईत राहणाऱ्या दर चार माणसांपैकी तीन उपनगरात राहतात. त्याच जनगणनेत संपूर्ण गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार भरली. गोव्याच्या सहापटींहून अधिक माणसे असलेल्या या प्रदेशाला ‘उप’ हा उपसर्ग आजही चिकटून आहे. जुनी गावठाणे, चाळी, झोपडपट्ट्या, औद्योगिक वसाहती, विमानतळाभोवतीची हॉटेले आणि मेट्रोचे खांब हे सारे तेथे एकमेकांना खेटून उभे आहे. जे. बी. नगर या मिश्रणाचा चांगला नमुना आहे. तेथे गरिबी आहे, तसा मध्यमवर्गही आहे. मंदिर, मशीद, चर्च आणि कारखाना एकाच पायवाटेवर भेटतात. डिव्हाइनची आई परदेशी नोकरीला होती आणि तो आजीकडे वाढला. कॅथलिक घर, शाळेतल्या मित्राच्या अंगातल्या टी-शर्टवर दिसलेला अमेरिकी रॅपर, आधी इंग्रजीतून आणि नंतर हिंदीतून रॅप, असा त्याचा प्रवास त्याने मुलाखतींतून अनेकदा सांगितला आहे. परदेशी गेलेली आई आणि आजीने वाढवलेले मूल हे चित्र गोव्यातल्या वाचकाला मुळीच अनोळखी नाही.

‘गली बॉय’ने या उपनगराचे काय केले? चित्रपटाचा नायक मुराद हा धारावीत राहतो. ज्या दोघांवरून कथा स्फुरली ते मात्र अंधेरी आणि कुर्ल्याचे, म्हणजे उपनगर जिल्ह्यातले. धारावी भौगोलिकदृष्ट्या मुंबई शहर जिल्ह्यात मोडते. हा बदल चित्रपटकर्त्यांचा हक्क आहे आणि कलाकृतीत तो गैरही नाही. तथापि त्याचा परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. धारावी म्हटले की जगभरच्या प्रेक्षकाला दारिद्र्याचे तयार चित्र दिसते, जे. बी. नगर म्हटले तर काहीच दिसत नाही. उपनगरातील गुंतागुंतीचे, अर्धे मध्यमवर्गीय, अर्धे वस्तीतले आयुष्य एका ओळखीच्या चौकटीत बसवले गेले. रॅपर म्हणजे झोपडपट्टीतून वर येऊ पाहणारा मुलगा, अशी व्याख्या त्यामुळे पक्की झाली. तो वर येईपर्यंतच गोष्ट रंजक आणि वर आल्यावर पडदा, हा या व्याख्येचा न बोललेला उत्तरार्ध होता.

मराठी वाचकाला येथे एक जुने उदाहरण आठवावे. नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ हा पहिला कवितासंग्रह १९७२ मध्ये आला, तेव्हा त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना होती. पांढरपेशा वाचकाला त्या कवितेतले शब्द, जागा आणि माणसे ठाऊक नव्हती. तेंडुलकरांसारख्या मान्यवर लेखकाने आपले अपरिचितपण न लपवता त्या वाचकाला उंबरठ्यापर्यंत आणून सोडले. वस्तीतून येणाऱ्या पहिल्या कलाकृतीला बहुधा अशी ओळखपत्रासारखी प्रस्तावना लागते. ‘कोहिनूर’ची प्रस्तावना ‘गली बॉय’ने लिहिली असे म्हटले, तर ते वावगे ठरणार नाही. फरक मात्र मोठा आहे. ‘गोलपिठा’ची प्रस्तावना पुस्तकाच्या आत होती आणि पुस्तकापेक्षा लहान होती. पान उलटले की वाचक थेट ढसाळांच्या हाती सापडत असे. ‘कोहिनूर’ची प्रस्तावना अल्बमच्या आठ महिने आधी आली, अल्बमपेक्षा कितीतरी मोठी होती आणि कोट्यवधी लोकांनी ती पाहिली होती. त्यामुळे अनेक श्रोत्यांनी अल्बम ऐकला तो चित्रपटाशी ताडून.

अल्बममध्ये त्यांना काय मिळाले? ‘कोहिनूर’, ‘चल बॉम्बे’, ‘वल्लाह’, ‘रिमांड’, ‘गांधी मनी’ अशी गाणी. ‘टू हाइप’मध्ये सिड श्रीराम या गायकाचा आवाज, तर ‘वाइब है’मध्ये आवृत्ती, डी’एव्हिल आणि शाह रूल या सहकाऱ्यांना दिलेली जागा. ध्वनी सफाईदार, ठेका भरीव, निर्मितीत पैसा खर्च झाल्याच्या खुणा स्पष्ट. न्यूयॉर्कचा नामांकित रॅपर नाझ याच्याशी निगडित असलेल्या ‘मास अपील’ या कंपनीची भारतीय शाखा युनिव्हर्सल म्युझिकच्या साथीने २०१९ च्या ऑगस्टमध्येच सुरू झाली होती आणि तिचा पहिला कलावंत डिव्हाइन होता. गल्लीतला संघर्ष या गाण्यांत आहेच, पण त्याच्या जोडीला मिळवलेल्या यशाचा ताठा, पैशाबद्दलचा उघड बोलका मोह आणि आपल्या माणसांना सोबत नेण्याची भाषाही आहे. अल्बमचे नावच पाहा. खाणीच्या मातीतून निघालेला हिरा ही कल्पना सरळ आहे. परंतु हाच हिरा १८४९ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला आणि आज लंडनच्या टॉवरमध्ये ठेवलेला आहे, हेही प्रत्येक भारतीयाला शाळेपासून ठाऊक असते. मौल्यवान ठरलेली वस्तू मूळ जागी राहत नाही, ही त्या नावातली दुसरी सूचना कवीला अभिप्रेत असो वा नसो, ऐकणाऱ्याच्या मनात जागी होतेच.

श्रोत्यांच्या प्रतिक्रियेत दोन सूर ठळक राहिले. एक वर्ग या अल्बमकडे स्वतःच्या विजयाप्रमाणे पाहत होता. आपल्यासारख्या भाषेत बोलणारा, आपल्यासारख्या लोकलने फिरलेला मुलगा मोठ्या फलकांवर झळकतो आहे, यातच त्याला समाधान होते. दुसरा वर्ग हळहळत होता. पूर्वीचा कच्चेपणा गेला, गल्ली मागे पडली, बाजार आत आला, ही त्याची तक्रार होती आणि पुढे २०२० च्या डिसेंबरमध्ये ‘पुण्य पाप’ आल्यावर ती अधिक मोठ्याने बोलली जाऊ लागली.

ही दुसरी तक्रार सहज झटकून टाकण्याजोगी नाही. प्रस्थापित संगीत-उद्योग नव्या सुरांना आपल्या साच्यात घालतो, हा अनुभव नवा नाही. तरीही तीत एक अट दडलेली आहे, ती पाहिली पाहिजे. वस्तीतल्या कलावंताने वस्तीबद्दलच आणि तेही दुःखाच्या सुरातच बोलावे, अशी ही अट आहे. त्याने हाल सांगितले तर ते ‘अस्सल’ ठरते. त्याला मिळालेला पहिला मोठा धनादेश गाण्यात आला तर तो ‘बाजारू’ होतो. मध्यमवर्गीय गायकाने बंगला बांधला तर त्याच्या कलेवर कोणी संशय घेत नाही. उपनगरातून आलेल्या मुलाने घराबद्दलची हाव गाण्यात उघड केली की मात्र त्याने काहीतरी विकले असे वाटू लागते. घर हवे असणे हीच उपनगराची सर्वांत खरी, सर्वांत जुनी भावना आहे, हे या तक्रारीत विसरले जाते.

ज्या नाझच्या नावाशी डिव्हाइनचे नाव जोडले गेले, त्याचे उदाहरण येथे उपयोगी पडते. न्यूयॉर्कच्या क्वीन्स विभागातील क्वीन्सब्रिज या सरकारी घरांच्या वसाहतीत वाढलेल्या नाझचा ‘इल्मॅटिक’ हा पहिला अल्बम १९९४ मध्ये आला, तेव्हा तो जेमतेम वीस वर्षांचा होता. समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले, विक्री मात्र सुरुवातीला माफक होती. १९९६ मधील दुसरा अल्बम भरपूर खपला आणि लगेच पहिल्या अल्बमचे चाहते ‘हा बाजाराकडे वळला’ अशी कुरकुर करू लागले. म्हणजे वसाहतीचे चित्र पहिल्या अल्बमात आणि यशाचा ताण दुसऱ्यात, असा क्रम तेथे होता. डिव्हाइनच्या बाबतीत वस्तीचे चित्र सुट्या गाण्यांत विखुरले होते आणि उरलेले चित्रपटाने उचलले. ‘कोहिनूर’ प्रत्यक्षात पहिला असला, तरी श्रोत्यांच्या मनाच्या हिशेबात तो दुसरा अल्बम होता. पहिल्या अल्बमला मिळणारी उदारता त्याच्या वाट्याला आली नाही, याचे एक मोठे कारण हे आहे.

दुसरे कारण आपल्या ऐकण्याच्या सवयीत आहे. भारतात सलग अल्बम ऐकण्याची रीत प्रामुख्याने चित्रपटसंगीतामुळे रुजली आणि तेथे गाण्यांना जोडणारा धागा कथानकाचा असतो. कथानकाचा आधार नसलेला, एका माणसाचे मन सात-आठ गाण्यांतून उलगडणारा अल्बम ऐकण्याचा सराव मोठ्या श्रोतृवर्गाला नाही. मोबाइलवर एक गाणे, एक चित्रफीत, फार तर तिचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा ऐकला जातो. साहजिकच रॅपरला कीर्ती मिळते ती अल्बमाबाहेरच्या वाटांनी. ‘अपना टाइम आएगा’ या चित्रपटगीतासाठी डिव्हाइनला अंकुर तिवारी यांच्यासह फिल्मफेअरचा गीतलेखनाचा पुरस्कार मिळाला. नेझीचा पहिला अल्बम ‘मग़रिब’ २०२० मध्ये आला, पण घराघरांत तो पुन्हा पोचला २०२४ मध्ये ‘बिग बॉस’च्या ओटीटी पर्वातून. पुण्याच्या ताडीवाला रोड वस्तीतला एमसी स्टॅन याच्या ‘तडीपार’ या अल्बमचे नाव तर मराठी वृत्तपत्रांच्या गुन्हेवार्तांतला रोजचा शब्द आहे. तरीही मराठी घरांत त्याची ओळख झाली ती २०२३ च्या फेब्रुवारीत त्याने ‘बिग बॉस’चे सोळावे पर्व जिंकल्यावर. त्यानंतर महिन्याभरातच इंदूरमधला त्याचा कार्यक्रम गाण्यांतील शिवराळ भाषेला आक्षेप घेणाऱ्या निदर्शकांमुळे बंद पडला. कौतुक करणाऱ्यांतील बरेच जण आणि निदर्शक यांच्यात एक साम्य असावे, अल्बम पूर्ण ऐकण्याची गरज दोघांनाही भासली नाही.

इंदूरचा उल्लेख आला म्हणून भाषेच्या प्रश्नाकडे वळणे सोपे होते. इंदूर आणि ग्वाल्हेर ही होळकर-शिंद्यांची, म्हणजे हिंदी प्रदेशातली मराठी सत्तेची शहरे. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याशेजारी पडला आणि त्या तळाचेच ‘लष्कर’ हे शहर झाले. जुन्या गावाबाहेरची छावणी पुढे गावाचे केंद्र बनली. त्या लष्करातील जयेंद्रगंजासारख्या भागांत दोनशे वर्षांत मराठी घरांनी आत मराठी आणि दाराबाहेर हिंदी असा संसार केला. जवळच्या एका वस्तीचे नावच ‘शिंदे की छावनी’ आहे. आडनाव मराठी, प्रत्यय हिंदी, आणि त्यात कोणालाही विसंगती वाटत नाही. ग्वाल्हेर घराण्याची गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी याच शहरातून शिकून महाराष्ट्रात आणली. तिच्यातल्या बंदिशी ब्रज-हिंदीत असल्या, तरी मराठी रसिकाने त्या परक्या मानल्या नाहीत.

हाच रसिक मुंबईच्या रॅपपुढे मात्र थबकतो. ‘हे हिंदीतले, आपले नव्हे’ असे म्हणून तो बाजूला होतो. वास्तविक डिव्हाइन किंवा नेझी ज्या हिंदीत रॅप करतात, ती उपनगराने घडवलेली हिंदी आहे. बिनधास्त, झकास, वाट लागणे, खाली-पिली अशा शब्दांनी मराठी, गुजराती, दखनी, कोकणी यांच्या सहवासात ती तयार झाली. तिचे व्याकरण लखनऊच्या कानाला खुपते, पण ग्वाल्हेरच्या किंवा पणजीच्या मराठी माणसाला तिच्यातला मराठी सांधा पटकन ओळखू येतो. ब्रजभाषेतली बंदिश आपली आणि अंधेरीच्या गल्लीतली हिंदी परकी, या निवाड्यात भाषेपेक्षा वर्गाचा वाटा मोठा आहे, हे मान्य करावे लागेल.

या दुराव्याची किंमत डिव्हाइनला फारशी मोजावी लागली नाही. त्याला देशभरचा श्रोता मिळाला. किंमत मोजतात ते मराठीत रॅप करणारे. मुंबईच्या ‘स्वदेशी’ या बहुभाषक गटाने आरे जंगलातील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘वारली रिव्होल्ट’ हे गाणे २०१९ मध्येच केले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये आरेतील झाडे रात्री कापली गेली आणि सर्वोच्च न्यायालयाला तोड थांबवावी लागली. ‘कोहिनूर’ही त्याच महिन्यातला. एका उपनगरातून एकाच काळात यशाचे आणि विस्थापनाचे असे दोन सूर निघाले, पण मराठी चर्चेत दोन्हींची दखल अपुरीच राहिली. पुढे २०२३ च्या एप्रिलमध्ये राज्यकर्त्यांवर टीका करणाऱ्या मराठी रॅपगीतांवरून दोन तरुण रॅपरांविरुद्ध गुन्हे दाखल झाले, एक अंबरनाथमध्ये आणि दुसरा मुंबईच्या वडाळ्यात. शाहीर अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांचा वारसा सांगणाऱ्या समाजात पोवाड्याला मानाचे पान मिळते आणि त्याच्या नातवंडाला पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते. अशा वेळी गाण्याच्या बाजूने उभा राहणारा जाणता श्रोतृवर्ग असता, तर तक्रार करणाऱ्यांनाही विचार करावा लागला असता. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांच्या ‘तांबडी चामडी’ या मराठी नृत्यगीताने परदेशापर्यंत मजल मारली, हे खरे आणि आनंदाचे आहे. मात्र नाचायला लावणाऱ्या मराठीचे स्वागत झाले, म्हणून प्रश्न विचारणाऱ्या मराठीचेही होईल, असे समजण्याचे कारण नाही.

गोव्याला हा विषय दूरचा वाटू नये. तियात्राच्या दोन प्रवेशांमध्ये सादर होणारी कांतारे राज्यकर्त्यांची, धर्मगुरूंची, शेजाऱ्यांची खिल्ली पिढ्यान्‌पिढ्या उडवत आली आहेत आणि प्रेक्षागृहात बसलेला श्रोता ती शेवटच्या ओळीपर्यंत ऐकून मग टाळी देतो किंवा नाके मुरडतो. तालात, यमकात, लोकांच्या बोलीत केलेली टीका समाजाने सहन करणे आणि तिला दाद देणे, याचा सराव या राज्याला आहे. रॅप हा त्याच कुळातला पाहुणा. वास्को, मडगाव, म्हापसा या शहरांच्या कडेला वाढलेल्या वसाहतींत मराठी, कोकणी, कन्नड, हिंदी अशी मिश्र बोली बोलणारी मुले आज मोबाइलवर ठेका लावून शब्द जुळवत असतील, तर त्यांच्यापुढे प्रश्न श्रोत्यांच्या संख्येचा आहे. लहान राज्याची बाजारपेठ लहान असते. अंधेरीच्या मुलाला उपनगरानेच लाखभर श्रोते दिले असते, वास्कोच्या मुलाला ती सोय नाही. त्याला हिंदीकडे वळावे लागेल किंवा कोणा चित्रपटाच्या प्रस्तावनेची वाट पाहावी लागेल. कलाप्रेमी संस्था, महाविद्यालयांचे युवामहोत्सव आणि मराठी-कोकणी वृत्तपत्रे यांनी अशा पहिल्या प्रयत्नांची पुस्तकाइतकी गंभीर समीक्षा केली, तर तिसरी वाट निघू शकते.

अशी समीक्षा म्हणजे सरसकट कौतुक नव्हे. ‘कोहिनूर’मध्येही दोष आहेत. काही गाण्यांत ठेका शब्दांना झाकतो, यशाचा अभिमान क्वचित पुनरुक्तीकडे झुकतो आणि ज्या उपनगराच्या नावाने हिरा चमकतो, तेथील स्त्रियांचा आवाज त्यात जवळजवळ ऐकू येत नाही. हे दोष अल्बम सलग ऐकूनच सांगता येतात. ‘गल्ली सोडली’ किंवा ‘गल्ली गाजवली’ एवढ्या दोन शेऱ्यांत ते बसत नाहीत. उपनगरातून, छावणीतून किंवा वसाहतीतून येणाऱ्या पुढच्या पहिल्या अल्बमला आपण कोणती अट घालणार, हे श्रोत्यांनी तो ऐकण्यापूर्वी ठरवलेले नसावे, एवढीच किमान अपेक्षा आहे.